व्यक्तिपरिवर्तन आणि समाजपरिवर्तन : 'मिलिंद' या नावाचा आशय

प्रस्तावना :
समाज बदलण्यासाठी आधी व्यक्ती बदलावी की आधी व्यवस्था, हा समाजचिंतनातील जुना प्रश्न आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे या प्रश्नाचा विचार करण्यास पुस्तकी उदाहरणाची गरज नाही. शहागंजसारख्या जुन्या बाजारपेठांच्या या शहरात, जुन्या वस्तीबाहेर, नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय उभे आहे. व्यक्तिपरिवर्तन आणि समाजपरिवर्तन यांचे नाते या संस्थेच्या नावातच सामावले आहे. प्रस्तुत लेखात त्या नात्याचे विवेचन केले आहे.

नावामागील विचार :
मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. उच्च शिक्षणाच्या सोयी तेथे अत्यल्प होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले. त्याला दिलेले 'मिलिंद' हे नाव इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर याचे आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात हा राजा भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारतो. संवादापूर्वी नागसेन एक अट घालतो : चर्चा पंडितांच्या रीतीने व्हावी, राजांच्या रीतीने नव्हे. पंडिताचे मत खोडले गेले तर तो रागावत नाही. राजा मात्र विरोध करणाऱ्यास शिक्षा करतो. राजा ही अट मान्य करतो. त्याचे परिवर्तन खरे तर येथूनच सुरू होते, कारण सत्तेचे कवच बाजूला ठेवल्याशिवाय नवा विचार मनात शिरत नाही.

बदल आणि सातत्य :
बदललेली व्यक्ती तीच राहते की वेगळी होते, हाही प्रश्न ग्रंथात येतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत एकच नसते, पण ती सर्वस्वी निराळीही नसते, असे नागसेन समजावतो. स्वतःला बदलणे म्हणजे स्वत्व गमावणे नव्हे, हा या दृष्टान्ताचा अर्थ होय.

व्यक्तीकडून समाजाकडे :
डॉ. आंबेडकरांनी येवला येथे 13 ऑक्टोबर 1935 रोजी धर्मांतराची घोषणा केली. प्रत्यक्ष दीक्षा 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे घेतली. मधली एकवीस वर्षे अभ्यासाची आणि संस्था उभारण्याचीही होती. लाखो अनुयायांना त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा 'मी' या एकवचनी रूपात आहेत, हे विशेष लक्षणीय आहे. सामूहिक क्रांतीचा उच्चार प्रत्येकाने स्वतःपुरता करावयाचा होता. मिलिंदच्या परिसरात त्याची फळेही दिसली. तेथील अध्यापक गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श' या नियतकालिकाने दलित साहित्याला हक्काचे व्यासपीठ दिले.

नामांतराचा धडा :
व्यक्तीचे मन बदलले नाही तर कायदा आणि ठराव किती अपुरे पडतात, हेही मराठवाड्याने अनुभवले. मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी केला. त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. नामविस्तार प्रत्यक्षात आला तो 14 जानेवारी 1994 रोजी. ठराव एका दिवसात झाला. अंमलास साडेपंधरा वर्षे लागली. मात्र मने बदलण्याची वाट पाहत ठरावच केला नसता, तर न्यायाची मागणी अनिश्चित काळ लांबणीवर पडली असती. म्हणून व्यक्ती आणि व्यवस्था यांपैकी एकाची निवड करणे योग्य ठरत नाही.

निष्कर्ष :
व्यक्तिपरिवर्तन संवादातून घडते, आचरणातून सिद्ध होते आणि संस्थेच्या रूपाने समाजापर्यंत पोहोचते. या प्रक्रियेत अध्यापकाचे स्थान मध्यवर्ती आहे. वर्गात त्याच्याकडे ज्ञान असते, तशीच गुण देण्याची सत्ताही असते. विद्यार्थ्याने मत खोडून काढले असता तो पंडिताप्रमाणे वागतो की राजाप्रमाणे, यावर त्या वर्गातील परिवर्तनाची शक्यता अवलंबून असते. समाजपरिवर्तनाचा दूत होण्याची पहिली पात्रता हीच आहे.