चेहरा चुकतो कुठे?

लातूर जिल्ह्यातल्या जळकोटसारख्या तालुक्याच्या गावात चित्रकलेची ओळख होते ती बहुधा दोन परीक्षांतून: एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. कला संचालनालयाच्या या ग्रेड परीक्षांनी महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांच्या हातात पोस्टर कलरची बाटली दिली असेल, याची मोजदाद नाही. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे ठरलेले पेपर. इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड मिळाली की दहावीत ७ वाढीव गुण पडतात, त्यामुळे एरवी चित्रकलेकडे डोळेझाक करणारे पालकही या परीक्षेपुरते रंगपेटी आणून देतात.

या पेपरांत एक गोष्ट मात्र नाही. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा.

स्मरणचित्रात माणसं असतात. बाजारात, बसथांब्यावर, शेतात. पण ती आठवणीतली माणसं. त्यांचं नाक कुणाचंही असलं तरी चालतं. म्हणून ज्या मुलाला व्यक्तिचित्राची ओढ लागते, तो मोबाइलवरचा फोटो घेतो, त्यावर चौकटी आखतो आणि एकेक चौकट कागदावर उतरवतो. वाढदिवसाच्या ऑर्डरी अशा चित्रांवर निघतात, त्यात कमीपणा काही नाही. मात्र चौकटी मोजून हात तयार होतो, नजर नाही. त्यातून सेल्फी असेल तर लेन्स चेहऱ्याच्या अगदी जवळ असल्याने नाक मोठं झालेलं आणि कान मागे गेलेले असतात. ती चूक कॅमेऱ्याची. मुलगा ती इमानेइतबारे गिरवतो.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टलाही जिवंत माणसापर्यंत यायला वेळ लागलाच. १८५७ साली सुरू झालेल्या या शाळेत विद्यार्थ्यांची बरीच वर्षं युरोपीय शिल्पांच्या प्लास्टर प्रतिकृती रेखाटण्यात गेली. प्लास्टर हलत नाही, थकत नाही, मान वळवत नाही. नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा लाइफ क्लास शाळेचे तेव्हाचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी सुरू केला तो १९१९ मध्ये. महादेव विश्वनाथ धुरंधर तेव्हा तिथेच शिकवत होते. १८९० साली विद्यार्थी म्हणून आत आलेले धुरंधर १९३१ पर्यंत त्याच आवारात राहिले आणि पुढे त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन लिहिलं. चित्रकला शिकणं आणि शिकवणं कसं चालायचं, हे ज्याला जाणून घ्यायचं असेल त्याने ते वाचावं.

या शिकण्याच्या मुळाशी आहे ‘करेक्शन’. कला महाविद्यालयातल्या कुणालाही विचारा, हा शब्द मराठीच वाटावा इतका रुळलाय. मुरलेला शिक्षक आधी मॉडेलकडे बघतो, चित्राकडे नंतर. मग विद्यार्थ्याला उठवून स्वतः त्याच्या जागी बसतो, कारण हातभर बाजूला उभं राहिलं तरी चेहऱ्याचा कोन बदलतो आणि तिथून दाखवलेली चूक खोटी ठरते. पेन्सिल उभी धरून तो डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून खाली नजर सोडतो: ही रेघ नाकपुडीच्या कडेला लागते की पुढे जाते? मग पेन्सिल आडवी. मान कललीय, डोळ्यांची रेषा कललीय, ओठ मात्र सरळ काढलेत. बस्स, एवढंच सांगून तो उठतो. पापण्या, केस, कानातली कुडी यांच्याबद्दल चकार शब्द नाही. ठेवण चुकलेली असताना पापण्या रंगवणं म्हणजे पाया खचलेल्या भिंतीला गिलावा करणं.

नवशिक्यांच्या चुका ठरलेल्या असतात. समोरून पाहिलं तर मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात. पण नजर नाकाडोळ्यांतच गुंतते, कपाळाला आणि टाळूला कुणी जमेत धरत नाही, म्हणून डोळे वर सरकतात आणि डोकं चेपतं. चेहरा किंचित वळलेला असेल तर पलीकडचा डोळा अरुंद दिसतो, तरी दोन्ही डोळे सारखेच काढले जातात. दिसतं एक आणि माहीत असतं दुसरं. हात माहितीचं ऐकतो.

अशा वेळी ‘एक नंबर’ आणि ‘हुबेहूब’ ही दाद काही कामाची नाही. ‘काहीतरी बिघडलंय’ हेही नाही. उपयोगी टीकेला जागा, दिशा आणि माप लागतं: हनुवटी अर्धं बोट खाली गेलीय, गालाची सावली कपाळापेक्षा गडद हवी. सांगणारा जवळ नसेल तर चित्र आरशात पाहावं किंवा उलटं करून ठेवावं. ओळखीचा चेहरा अनोळखी होतो आणि तिरकी रेघ लगेच डोळ्यांत भरते.

सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं समईच्या उजेडातल्या स्त्रीचं चित्र घराघरांत पोचलं, तेही पुष्कळदा राजा रविवर्म्याच्या नावावर. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे. मॉडेल होती त्यांची मुलगी गीता. चित्र जलरंगात आहे. पारदर्शक जलरंगात चुकीवर पांघरूण घालता येत नाही. उजेड म्हणून दिसतो तो खालचा कागदच. हळदणकर स्वतः शिक्षक होते, १९०८ पासून मुंबईत त्यांची कलासंस्था होती. चेहऱ्यावरची ती आभा रंगाआधी रेखांकनात पक्की झालेली आहे, हे त्या चित्राची गोडी चाखणाऱ्या फार थोड्यांच्या लक्षात येतं.

आज या परंपरेतलं ठळक नाव वासुदेव कामत. जे. जे.मध्ये शिकलेल्या कामतांना २००६ साली अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचा ड्रेपर ग्रँड पुरस्कार मिळाला, पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी; २०२५ मध्ये पद्मश्री. त्यांच्या प्रात्यक्षिकांना गर्दी होते. प्रेक्षकांनी साम्य कधी येतं तेवढंच पाहू नये, हात कुठे थांबतो तेही पाहावं. ब्रश खाली ठेवून चार पावलं मागे जाणं, डोळे बारीक करणं, लावलेला रंग पुसून टाकणं: हे सगळं स्वतःच स्वतःला दिलेलं करेक्शन असतं.

जळकोटहून मुंबई पाचशे किलोमीटरच्या वर. शासकीय कला महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर या तीनच शहरांत. दहावीनंतर तिथवर पोचणारी मुलं थोडी, पण माणसांचे चेहरे इथे काही कमी नाहीत. तालुक्यातल्या कलाशिक्षकांनी एवढं करून पाहावं: ग्रेड परीक्षा आटोपली की वर्गातल्याच एका मुलाला खिडकीपाशी स्टुलावर बसवावं, बाकीच्यांना वीस मिनिटं द्यावीत, मग सगळी चित्रं भिंतीला लावून प्रत्येकातली एकच मोठी चूक मुलांनाच शोधायला सांगावी. स्टुलावर बसलेल्या मुलालाही विचारावं. त्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहायला नको.