समुद्राची नोंदवही

मागे एका गटाची वही तपासत होते. सात-आठ वर्षांच्या नोंदी व्यवस्थित, मध्येच चार महिने कोरे. "ताई, सचिव बाळंतपणाला माहेरी गेली होती," असं बायका म्हणाल्या. आठवून आठवून भरायला बसलो, पण बचत किती, व्याज किती, काही केल्या ताळा जुळेना. शेवटी ती पानं कोरीच ठेवली. समुद्राचीही अशी एक वही आहे, आज तिच्याबद्दल बोलूया.

बोया आपल्याला नवा नाही, जाळ्याला असतोच. पण खोल समुद्रात माहिती गोळा करणारा बोया माणसाहून मोठा, पिवळ्या रंगाचा असतो. तळाशी जड वजन टाकून लांबच लांब दोराने तो एका जागी बांधलेला असतो. वर वारा, हवेचा दाब आणि उष्णता मोजणारी यंत्रं असतात. खाली दोराला ठरावीक अंतरावर पाण्याची उष्णता आणि खारटपणा मोजणारी यंत्रं, काही बोयांवर तर 500 मीटर खोलीपर्यंत. सगळी माहिती उपग्रहामार्फत चेन्नईला जाते. तिथल्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने हे काम 1996 मध्ये हाती घेतलं. आपल्या रत्नागिरीजवळ लाटा मोजणारा लहान, गोल बोयाही आहे. तो लाटेबरोबर वरखाली होतो आणि त्यावरूनच लाटेची उंची कळते. उंच लाटांचा इशारा देणाऱ्या हैदराबादच्या केंद्राला त्याचा उपयोग होतो.

आता कुणी म्हणेल, आजचा इशारा मिळाला, झालं. वर्षानुवर्षं नोंदी कशाला?

समुद्र एखाद्या वर्षी तापतो, पुढच्या वर्षी निवतो. दोन-चार वर्षांवरून काही ठरत नाही. हवामानाची सरासरी 30 वर्षांची धरायची, असा जगभरचा रिवाज आहे. अरबी समुद्र तापत चाललाय हे आज खात्रीने सांगता येतं, ते अशा लांबलचक नोंदींमुळेच. आणि तापलेलं पाणी वादळाला बळ देतं. 2020 चं निसर्ग आणि 2021 चं तौक्ते आपण विसरलेलो नाही.

नोंद नसली की काय होतं ते 1982 मध्ये दिसलं. प्रशांत महासागराचं पाणी तापत होतं, म्हणजे एल निनो येत होता. तेव्हा तिथे बोयांची साखळी नव्हती. त्याच वर्षी मेक्सिकोत ज्वालामुखी फुटला, त्याच्या धुरळ्याने उपग्रहांचीही नजर फसली. एल निनो ऐन भरात आला तेव्हा शास्त्रज्ञांना पत्ता लागला. त्या वर्षी आपल्याकडेही पाऊस कमी पडला होता. मग दहा वर्षं खपून 1994 पर्यंत तिथे सुमारे 70 बोये बांधले गेले आणि 1997 चा एल निनो वाढताना रोज दिसत राहिला. (त्या वर्षी आपला पाऊस मात्र ठीक झाला. एल निनो म्हणजे दुष्काळच, असं नाही.) पुढे 2012 नंतर देखभालीचं जहाज बंद झालं, तर दोनच वर्षांत तिथून निम्मीसुद्धा माहिती येईना. ते दिवस आता कुणी मोजून आणणार नाही.

आता आपल्या घरातली गोष्ट. बोयाला शेवाळ धरतं, खाली सावली असते, म्हणून मासे जमतात. डिझेल महाग, मासळी कमी, तेव्हा होडीवाला तिथे जाणारच. त्याला नुसता दोष देऊन चालणार नाही. पण होडी बोयालाच बांधली की तिच्या ओढीने दोर तुटतो, यंत्रं वाकतात. काही ठिकाणी तर वरची सौर पाटी काढून नेल्याचंही घडलंय. मग दुरुस्तीला जहाज जाईपर्यंत वहीचं पान कोरं, आणि ज्या इशाऱ्यावर आपली माणसं किनाऱ्याला परततात त्यालाच धक्का.

घरी एवढंच सांगा: पिवळा बोया दिसला तर होडी बांधू नका, जाळं त्याच्यापासून लांब टाका. सुटून किनाऱ्याला लागलेला दिसला तर उघडू नका, बंदरावरच्या मत्स्य खात्याच्या माणसाला किंवा सागरी पोलिसांना कळवा. त्या गटाची सचिव आता बाळाला मांडीवर घेऊन वही लिहिते. ती गावाला गेली तर लिहायला दुसरी एकजण नेमली आहे.