टपाल आल्याची वर्दी

मेल सर्व्हरचे मूळ काम साधे होते. आलेले टपाल घ्यायचे, नीट ठेवायचे, मालक मागेल तेव्हा द्यायचे. टपाल आले आहे हे मालकाला जाऊन सांगणे त्या कामात कधी नव्हतेच. मालकाला गरज असेल तर तो विचारेल, असा हिशोब होता. माणसे दिवसातून दोनदा संगणकासमोर बसत होती तोवर तो चाललाही. फोन खिशात आला आणि गणित उलटले. आता वर्दी आधी लागते, टपाल मागून आले तरी चालते. ही वर्दी देण्याची यंत्रणा एका मुक्तस्रोत सर्व्हरवर कशी चढवली गेली, ते डव्हकॉटच्या उदाहरणातून छान दिसते.

डव्हकॉट हा फिनलंडच्या टिमो सिराइनेन या प्रोग्रामरचा सर्व्हर. पहिली आवृत्ती जुलै २००२ची. सुरक्षेबद्दल या गृहस्थाला एवढा विश्वास, की बाहेरून घुसता येईल असे भगदाड पहिल्यांदा दाखवणाऱ्याला स्वतःच्या खिशातून हजार युरो देण्याची त्याने जाहीर हमी दिली होती. आयमॅप ही सर्व्हरवरची पेटी वाचण्याची पद्धत; आज जगातले बहुतांश आयमॅप सर्व्हर डव्हकॉटवर चालतात. वेब होस्टिंग घेतले आणि सोबत मेलबॉक्स मिळाला, तर मागे हाच असण्याची शक्यता दांडगी. बाहेरून टपाल स्वीकारण्याचे काम सहसा पोस्टफिक्ससारखा दुसरा प्रोग्राम करतो. डव्हकॉट ते पेटीत टाकतो आणि पेटी सांभाळतो.

'टपाल आले का?' असे दर पंधरा मिनिटांनी विचारत राहणे ही जुनी रीत. तिच्यावरचा पहिला प्रामाणिक उपाय जून १९९७मध्ये आला. बॅरी लायबा यांनी लिहिलेल्या आरएफसी २१७७ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात 'आयडल' नावाची आज्ञा आहे. मेल वाचणारा प्रोग्राम सर्व्हरला ती देतो आणि गप्प बसतो. जोडणी उघडीच राहते. नवे काही आले की सर्व्हर त्याच जोडणीवर एक ओळ पाठवतो. मात्र तीस मिनिटे कोणी काही बोलले नाही तर सर्व्हर जोडणी तोडू शकतो. म्हणून एकोणतिसाव्या मिनिटाच्या आत आयडल संपवून पुन्हा सुरू करा, असा सल्ला त्या दस्तऐवजातच आहे.

टेबलावरच्या संगणकाला हे पुरते. फोनवर त्याची दमछाक होते. मोबाइल कंपनीच्या जाळ्यात निष्क्रिय जोडण्या अर्धा तास टिकतीलच असे नाही, त्यामुळे त्या जिवंत ठेवायला फोनला वरचेवर जागे व्हावे लागते आणि बॅटरी उतरते. शिवाय आयडल एका वेळी एकाच फोल्डरकडे पाहते. पाच फोल्डर हवे असतील तर पाच जोडण्या. २००९च्या 'नोटिफाय' विस्ताराने अनेक फोल्डरांची सोय केली, पण जोडणी उघडी ठेवण्याचा मूळ खर्च तसाच राहिला. ब्लॅकबेरीने मधे स्वतःची केंद्रे उभारून हा प्रश्न आधीच सोडवला होता. त्यापायी पेटंटच्या दाव्यात २००६ साली त्या कंपनीने ६१ कोटी २५ लाख डॉलर मोजून तडजोड केली. एवढ्या रकमा फिरत असलेल्या क्षेत्रात मुक्तस्रोतवाल्यांनी जपून पावले टाकली असतील तर नवल नाही.

जून २००९मध्ये अ‍ॅपलने आयफोनसाठी स्वतःची पुश सेवा सुरू केली, पुढच्या वर्षी गूगलनेही अँड्रॉइडसाठी केली. प्रत्येक अ‍ॅपने आपली जोडणी उघडी ठेवण्याऐवजी फोन कंपनीच्या केंद्राशी एकच जोडणी ठेवतो आणि सगळ्या वर्द्या तिच्यातून येतात. बॅटरीच्या हिशोबाने यापेक्षा शहाणा तोडगा नव्हता. पण सर्व्हर आणि फोन यांच्यामध्ये कायमचा एक तिसरा येऊन बसला. पुढची सगळी रचना या तिसऱ्याला धरून करावी लागते.

डव्हकॉटमधली यंत्रणा थरांची आहे. खाली 'नोटिफाय' नावाचे प्लगइन (वरच्या आयमॅप विस्ताराहून वेगळे). ते पेटीतल्या हालचाली टिपते: मेल साठवला, नकल केली, खूण बदलली, मेल काढून टाकला. त्याच्यावर 'पुश नोटिफिकेशन' हे प्लगइन. ते या हालचालींना घटनांची नावे देते आणि 'ड्रायव्हर'च्या हाती सोपवते. घटनांची यादी डव्हकॉटवाल्यांनी मनाने रचलेली नाही. ती मार्च २००९च्या आरएफसी ५४२३मधली आहे. आपल्याला विस्तार लिहायचा असेल तर लिहायचा असतो फक्त ड्रायव्हर. व्यवहार सुरू झाला, फोल्डरबाबत घडले, मेलबाबत घडले, व्यवहार संपला, एवढ्या मोजक्या जागी त्याने आपले काम अडकवायचे.

यातली 'व्यवहार संपला' ही जागा सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि नवख्याला नेमकी तीच उशिरा कळते. मेल पेटीत लिहिला जात असतो तेव्हा त्याला अजून क्रमांक मिळालेला नसतो. आयमॅपमध्ये प्रत्येक मेलला फोल्डरातला एक कायमचा क्रमांक असतो, यूआयडी. डव्हकॉट तो देतो व्यवहार पक्का करताना. त्याआधी डिस्क भरली, कोटा संपला, तर मेल साठवलाच जात नाही. तेव्हा प्रेषक आणि विषय मिळाल्याबरोबर उतावळेपणाने वर्दी दिली, तर फोन वाजेल आणि उघडून पाहावे तर आत काही नाही. म्हणून मेल हाताळताना नुसती माहिती गोळा करून ठेवायची. व्यवहार पक्का झाला, क्रमांक हाती आला, की मगच बाहेर बोलायचे.

दुसरी खोच घटनांच्या नावांत आहे. 'मेसेज-न्यू' आणि 'मेसेज-अपेंड' अशा दोन वेगळ्या घटना का, असे प्रथम वाटते. दोन्हीत फोल्डरात नवा मेलच पडतो. पण पहिल्यात तो बाहेरून वाटप होऊन आलेला असतो आणि दुसऱ्यात मालकाच्याच मेल प्रोग्रामने ठेवलेला. आपण पाठवलेल्या मेलची प्रत 'सेंट' फोल्डरात जाते, अर्धवट मसुदा 'ड्राफ्ट्स'मध्ये जातो. हा फरक न पाळणारा ड्रायव्हर माणसाला त्याच्याच पत्राची वर्दी देतो. असे अ‍ॅप लोक दुसऱ्या दिवशी काढून टाकतात.

डव्हकॉटसोबत तीन ड्रायव्हर येतात. 'डीलॉग' घडलेले सगळे फक्त लॉगमध्ये लिहितो. बाहेर काही पाठवत नाही. 'ओएक्स' हा ओपन-एक्सचेंज या जर्मन कंपनीच्या वेबमेलसाठीचा. डव्हकॉटची कंपनी २०१५पासून तिच्याच छत्राखाली आहे. तिसरा 'लुआ', म्हणजे ड्रायव्हर सी भाषेत न लिहिता छोट्या लुआ स्क्रिप्टमध्ये लिहायची मुभा. ओएक्स ड्रायव्हर ठरलेल्या पत्त्यावर एचटीटीपीने जेसनचा एक तुकडा पाठवतो. वापरकर्ता, घटना, फोल्डर, क्रमांक, प्रेषक, विषय, मजकुराची सुरुवात आणि न वाचलेल्या मेलांची संख्या, असा त्याचा ऐवज. कोणाला वर्दी हवी याची नोंद आयमॅपच्या 'मेटाडेटा' विस्तारातून वापरकर्त्याच्या पेटीतच ठेवली जाते आणि साठ सेकंद स्मरणात राखली जाते. समोरचा सर्व्हर उत्तर देईना, तर मूळ ठरावानुसार दोन सेकंद थांबायचे, एकदा पुन्हा प्रयत्न करायचा, मग सोडून द्यायचे.

'मग सोडून द्यायचे' हे ऐकायला निष्काळजी वाटते, पण माझ्या मते या रचनेतला सगळ्यात समजूतदार निर्णय तोच आहे. वर्दी हरवली तर माणसाला मेल थोडा उशिरा दिसेल. वर्दीसाठी वाटप अडवून धरले तर टपालच रांगेत तुंबेल. सर्व्हरने दिलेला शब्द टपालाचा आहे, वर्दीचा नाही. काही विस्तारांत प्रत्येक वर्दीसाठी कायमची रांग, पुन्हा पुन्हा प्रयत्न, पोच असा सरंजाम केलेला दिसतो. त्यातून दोन तासांपूर्वी वाचून झालेल्या मेलच्या वर्द्या एकदम येऊन आदळतात. शिळी वर्दी न आलेलीच बरी.

ओएक्सच्या तुकड्यातले विषय आणि मजकूर मात्र मला खटकतात, आणि मराठी वाचकाला ते खटकायला एक जादा कारण आहे. अ‍ॅपलच्या पहिल्या वर्दीला एकूण २५६ बाइटची मर्यादा होती. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा वेलांटी, यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेते. 'सोसायटीची वार्षिक सभा रविवारी' एवढ्या विषयात २६ चिन्हे आणि तीन मोकळ्या जागा, म्हणजे ८१ बाइट. जवळजवळ एकतृतीयांश वर्दी यातच गेली. प्रेषकाचे नाव अजून यायचेच आहे. पुढे मर्यादा दोन आणि मग चार किलोबाइट झाली, म्हणून जागेची चणचण संपली. कापाकापी संपली नाही. मजकुराची सुरुवात पाठवायची म्हणजे कुठेतरी कापणे आले. बाइट मोजून कापले तर अक्षराचा तिसरा भाग मागे राहतो आणि शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन उमटतो. चिन्हे मोजून कापले तर 'वार्षिक'मधला रफार किंवा वेलांटी तुटते. शिवाय विषयाची ओळ मेलमध्ये बहुधा बेस-६४ संकेतात गुंडाळून येते, आणि एका पुडक्याला ७५ अक्षरांची मर्यादा असते. वरचा विषय १०८ अक्षरांचा होतो, म्हणजे दोन पुडकी. ती नीट न उलगडता पाठवली तर फोनवर '४केएस' आणि '४केडब्ल्यू' या रोमन खुणांनी भरलेली माळ दिसते. तशी माळ पाहिली असेल, तर ती देवनागरीच होती.

याहून मोठे कारण खासगीपणाचे. वर्दी तिसऱ्याच्या हातून जाते, आणि तिसऱ्याकडे सरकारे चौकशी करतात. डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकी सिनेटर रॉन वायडन यांनी पत्र लिहून हे उघड केले की, सरकारे अ‍ॅपल आणि गूगलकडे पुश सूचनांच्या नोंदी मागतात. त्या नोंदींत विषय नसला तरी कोणाला केव्हा काही आले हे असतेच. विषय असेल तर आपणच तो ताटात वाढला असे होते.

आश्चर्य म्हणजे, यावरचे नेटके उत्तर खुद्द अ‍ॅपलनेच दिले होते. मॅकच्या सर्व्हर आवृत्तीत २००९पासून सायरस या मेल सर्व्हरच्या जागी डव्हकॉट आला आणि पुढे अ‍ॅपलने त्यात आपला आयमॅप विस्तार घातला: 'एक्स-अ‍ॅपल-पुश-सर्व्हिस'. फोनवरचे मेल अ‍ॅप लॉगिन करताना सर्व्हरला आपले टोकन (केंद्राला फोन ओळखू यावा यासाठीची खूण), खात्याची ओळख आणि हव्या असलेल्या फोल्डरांची यादी देते. टपाल आले की सर्व्हर अ‍ॅपलच्या केंद्राला पाठवतो तो तुकडा जवळजवळ रिकामा असतो: खात्याची ओळख आणि फोल्डरच्या नावाचा हॅश. प्रेषक नाही, विषय नाही. फोन जागा होतो, स्वतः सर्व्हरकडे जातो आणि मेल आणतो. दाराची कडी वाजवायची, निरोप मात्र मालकाने आत येऊन ऐकायचा. जुलै २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेमॅप या नव्या प्रोटोकॉलनेही हाच मार्ग धरला. त्याची वर्दी एवढेच सांगते की, अमुक खात्यातली मेलची स्थिती बदलली आहे. वर्दी कुठे पाठवायची तो पत्ता नोंदवला, की सर्व्हर आधी तिथे एक पडताळणीचा कोड पाठवतो आणि तो परत आल्याशिवाय पुढे काही बोलत नाही. नाहीतर कोणीही तिऱ्हाइताचा पत्ता देऊन त्याच्यावर वर्द्यांचा मारा करवेल.

मग अडले कुठे? किल्लीवर. अ‍ॅपलच्या केंद्राला वर्दी पाठवायची तर प्रमाणपत्र किंवा सहीची किल्ली लागते, आणि ती अ‍ॅप बनवणाऱ्याच्या नावाची असते. सर्व्हर चालवणाऱ्याच्या नव्हे. आयफोनच्या मूळ मेल अ‍ॅपसाठीचे प्रमाणपत्र मॅकच्या सर्व्हर सॉफ्टवेअरबरोबर मिळत असे. काही प्रोग्रामरांनी अ‍ॅपलच्या त्या विस्ताराची नक्कल साध्या लिनक्सवरच्या डव्हकॉटसाठी लिहिली, ती मुक्त केली, आणि ती उत्तम चालली; पण प्रमाणपत्र मॅकवरूनच काढून आणावे लागे. २१ एप्रिल २०२२ला अ‍ॅपलने ते सर्व्हर सॉफ्टवेअरच बंद केले.

डेल्टा चॅटने याला वळसा घातला. हे मेलवर चालणारे मुक्तस्रोत गप्पांचे अ‍ॅप. त्याचे 'चॅटमेल' सर्व्हर डव्हकॉटवरच उभे आहेत आणि वर्दीसाठी लुआ ड्रायव्हरची काही ओळींची स्क्रिप्ट वापरतात. फोन आपले टोकन मेटाडेटात ठेवतो. टपाल आले की सर्व्हर ते टोकन अ‍ॅपकर्त्यांच्या एका मधल्या सेवेकडे पाठवतो, कारण किल्ली त्यांच्यापाशी आहे. टोकन कूटबद्ध असते. ते फक्त त्या सेवेलाच उलगडते. सर्व्हर कोणीही चालवावा, कडी वाजवणारा एकच. मला ही तडजोड प्रामाणिक वाटते, कारण ती लपवलेली नाही.

असा विस्तार कोणी लिहायला घेणार असेल, तर सुरुवात डीलॉगपासून करावी. आठवडाभर नुसता लॉग वाचावा; मेलिंग लिस्ट, स्पॅम आणि स्वतःचेच मसुदे किती घटना उठवतात ते पाहिले की निम्मी रचना आपोआप ठरते. फोन बदलला किंवा अ‍ॅप काढले की जुने टोकन मरते. अ‍ॅपलचे केंद्र त्यावर ४१० हे उत्तर देते. ते मिळताच टोकन पुसायचे, पुन्हा प्रयत्न करायचा नाही. लॅपटॉपवर मेल वाचला तर फोनवरची सूचनाही उतरायला हवी, म्हणजे 'वाचले' ही घटनाही ऐकायला हवी. आणि विषय पाठवायचाच असेल तर तो वापरकर्त्याने मागितल्यावरच.

अँड्रॉइडवर यापुढची पायरी शक्य आहे. युनिफाइड-पुश या मुक्त पद्धतीत वर्दी कोणत्या केंद्रातून यावी हे फोनचा मालक ठरवतो, आणि ते केंद्र तो स्वतःच्या सर्व्हरवरही चालवू शकतो. आयफोनवर तशी सोय नाही. तिथे डव्हकॉट कितीही मुक्त असला, तरी शेवटची वर्दी अ‍ॅपलच्याच केंद्रातून जाते.