नंदी कुठे आहे?

औंढा नागनाथचा नंदी देवासमोर नाही, देवळाच्या मागच्या बाजूला आहे. नामदेव महाराजांना कीर्तनासाठी मागे जायला लावले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका हिंगोली जिल्ह्यात घरोघरी सांगतात. चित्रे ‘समजणाऱ्या’ एआय मॉडेलची परीक्षा घ्यायला हा नंदी उत्तम. देवळाचा नकाशा दाखवून नंदीची जागा विचारली आणि ‘गाभाऱ्यासमोर’ असे उत्तर आले, तर मॉडेलने नकाशा पाहिलाच नाही. इतर शिवमंदिरांबद्दल वाचलेले तेवढे सांगितले.

अशी घोकंपट्टी पकडणे हेच या परीक्षांचे खरे काम. २०१५ च्या ‘व्हीक्यूए’ या चित्रांवरील प्रश्नसंचात ‘कोणता खेळ चालू आहे?’ याला चित्र न बघता ‘टेनिस’ म्हटले, तरी ४१ टक्के वेळा उत्तर बरोबर यायचे. म्हणून २०१७ मध्ये संशोधकांनी प्रश्नांना जोडचित्रे दिली: प्रश्न एकच, चित्रे जवळपास सारखी, उत्तरे मात्र वेगळी. पुढे महाविद्यालयीन पातळीचे साडेअकरा हजार प्रश्न असलेली ‘एमएमएमयू’ परीक्षा आली. तिच्यातूनही चित्राविना सुटणारे प्रश्न नंतर गाळावे लागले. २०२४ मध्ये तर दोन वर्तुळे एकमेकांना टेकतात का, एवढ्या साध्या प्रश्नावर नामांकित मॉडेल अडखळली.

हिंगोलीकरांनी हे मनावर घ्यावे, कारण औंढ्याजवळच लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अशा वेधशाळेतील नोंदी चित्ररूपातही तपासतात: आडवी वेळ, उभी वारंवारिता. त्यांत उपकरणांचे खडखडाट मिसळलेले असतात. ते ओळखायला अमेरिकेतील लायगोसाठी ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ प्रकल्पात सामान्य नागरिक आणि संगणक एकत्र काम करतात.

१७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मिलनाची लहर आली, तेव्हा अमेरिकेतील लायगोच्या लिव्हिंग्स्टन वेधशाळेच्या नोंदीत नेमका असा एक खडखडाट उमटला. स्वयंचलित प्रणालीने ती नोंद बाजूला ठेवली. माणसांनी चित्र डोळ्यांनी पाहिले, तेव्हा वर चढत जाणारी लहरीची रेघ त्यांना स्वच्छ दिसली.

ते चित्र आता जगभर छापले गेले आहे. मॉडेलला ते पाठ असणार. अशा नोंदी वाचणाऱ्या मॉडेलच्या परीक्षेसाठी कुठेही न छापलेल्या नोंदी हव्यात, जोडीजोडीने: खडखडाट दोन्हींत, रेघ एकीतच.