नर्सिंगचा प्रवेश आणि पोलीस दप्तरातली जुनी नोंद

इंग्लंड आणि वेल्समध्ये नर्सिंगच्या विद्यार्थ्याला पदवीपर्यंत साधारण २३०० तास प्रत्यक्ष रुग्णसेवेत काढावे लागतात. पहिल्याच वर्षी तो वॉर्डात उभा राहतो. शुद्ध हरपलेला रुग्ण, तान्हं बाळ, स्मृतिभ्रंश झालेल्या आजी, यांपैकी कुणालाच आपली नर्स निवडता येत नाही. म्हणून रुग्णालयात पाठवण्याआधी विद्यार्थ्याची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासतात. हे काम 'डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस', म्हणजे डीबीएस ही सरकारी यंत्रणा करते. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतली मुलं नर्सिंगकडे वळतात, इथून शिकलेल्या नर्स तिकडे नोकरीला जातात. या तपासणीबद्दल चुकीचं ऐकून कुणी स्वप्न सोडू नये आणि कुणी खोटंही बोलू नये.

गैरसमज : पोलिसांत एकदा नाव लागलं की नर्सिंग संपलं.
वस्तुस्थिती : बहुतेक नोंदींनी दार आपोआप बंद होत नाही. गुन्हा कोणता, तेव्हा वय किती होतं, किती काळ लोटला, पुन्हा तसं घडलं का, हे पाहून विद्यापीठ निर्णय घेतं. पूर्ण बंदी असते ती डीबीएसच्या प्रतिबंधित यादीत नाव असलेल्यांना. मुलांसोबत किंवा असहाय प्रौढांसोबत काम करण्यास ज्याला मनाई आहे, त्याने असं काम करणं हाच गुन्हा ठरतो.

गैरसमज : शिक्षा जुनी झाली, आता ती सांगायची गरज नाही.
वस्तुस्थिती : सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. १९७४ च्या कायद्याने ठरावीक काळानंतर बऱ्याच शिक्षा कालबाह्य धरल्या जातात. पण १९७५ च्या आदेशाने नर्सिंगसारखे व्यवसाय या सवलतीतून वगळले. त्यामुळे इतर नोकऱ्यांत न विचारली जाणारी शिक्षा इथे विचारली जाऊ शकते.

तरीही प्रत्येक जुनी चूक जन्मभर पाठ धरत नाही. तुरुंगवास सुनावलेला नसेल आणि गुन्हा कायद्यातल्या गंभीर गुन्ह्यांच्या यादीत नसेल, तर प्रौढपणीची शिक्षा ११ वर्षांनी डीबीएसच्या प्रमाणपत्रातून गळते. अठराच्या आतली साडेपाच वर्षांनी. 'कॉशन' म्हणजे गुन्हा कबूल केल्यावर पोलिसांनी दिलेली अधिकृत ताकीद. यादीबाहेरच्या गुन्ह्यासाठी प्रौढाला मिळालेली कॉशन ६ वर्षांनी गळते. अल्पवयात मिळालेली ताकीद तर नोव्हेंबर २०२० पासून आपोआप छापलीच जात नाही. नियमाने गळलेली नोंद विद्यार्थ्याने सांगायची नसते.

गैरसमज : कोर्टाने शिक्षा दिली असेल तरच काही दिसतं.
वस्तुस्थिती : नर्सिंगसाठी 'एन्हान्स्ड' म्हणजे अधिक सखोल तपासणी होते. तिच्यात स्थानिक पोलीस त्यांच्याकडची इतर माहितीही देऊ शकतात. मात्र ती त्या कामाशी निगडित आणि उघड करण्याजोगी आहे असं वाटण्याला वाजवी कारण हवं. याची गरज २००२ च्या सोहॅम हत्याकांडाने दाखवून दिली. दोन मुलींचा खून करणारा इयन हंटली शाळेत केअरटेकर होता. त्याच्यावरचे आधीचे आरोप पोलिसांना ठाऊक होते, पण ते शाळेपर्यंत पोहोचलेच नव्हते. पोलिसांनी दिलेली माहिती अन्यायकारक वाटली, तर विद्यार्थ्याला तिच्याविरुद्ध दाद मागता येते.

गैरसमज : एकदा प्रमाणपत्र मिळालं की पदवीपर्यंत चिंता नाही.
वस्तुस्थिती : प्रमाणपत्र दिलं गेलं त्या दिवसापर्यंतचीच माहिती त्यात असते. पुढे काही घडलं तर विद्यापीठाला कळवणं विद्यार्थ्याचं कर्तव्य आहे. अभ्यासक्रम संपल्यावर त्याचं चारित्र्य योग्य असल्याची ग्वाही विद्यापीठाने दिली, तरच नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलमध्ये नोंदणी होते.

गैरसमज : भारतातलं तिकडे कुणाला कळतंय?
वस्तुस्थिती : डीबीएस मुख्यतः ब्रिटनमधल्या नोंदी पाहते, म्हणूनच परदेशचा दाखला वेगळा मागतात. नर्स म्हणून कामाचा व्हिसा घेताना, वयाच्या अठरानंतर आणि गेल्या १० वर्षांत ज्या देशात एकूण १२ महिने किंवा जास्त राहिलात, तिथला पोलीस दाखला लागतो. भारतात तो पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो.

गैरसमज : गप्प बसलेलं बरं.
वस्तुस्थिती : हा सल्ला सर्वांत घातक आहे. एकोणिसाव्या वर्षीची दुकानातली चोरी समजावून सांगता येते. ती अर्जात लपवली, तर आजच्या खोटेपणाचा जाब द्यावा लागतो. चुकीचं इंजेक्शन दिलं गेलं, तर ते तत्काळ सांगणारी नर्सच रुग्णाचा जीव वाचवू शकते. स्वतःच्या अर्जात जो खरं लिहीत नाही, तो रुग्णाच्या तक्त्यावर खरं लिहील असं कुणी कसं मानावं?

नोंद असेल तर प्रवेशाआधीच विद्यापीठाशी बोला. काय घडलं, तेव्हा परिस्थिती काय होती, त्यानंतर काय बदललं, हे लेखी द्या. कोणती नोंद सांगायची आणि कोणती गळलेली आहे, हे जाणकाराकडून तपासून घ्या. जुनी चूक पुसणं तुमच्या हातात नाही. तिच्याबद्दल खरं बोलणं मात्र पूर्णपणे तुमच्याच हातात आहे.