अंगणातले साप (लेखांक ४): कवड्या की मण्यार?

कुंडी सरकवली आणि मागून पट्टेवाला साप निघाला, की घरात एकच ओरड होते, "मण्यार! मण्यार!" पुष्कळदा तो कवड्या असतो. बिनविषारी, पालींच्या मागावर आलेला. घोणस आणि अजगराचं पिल्लू यांच्यातला फरक आपण गेल्या आठवड्यात पाहिला. ही जोडी त्याहून फसवी. दोघेही रात्रीचे, दोघेही सडपातळ, दोघांच्याही अंगावर आडवे पांढुरके पट्टे.

पहिली नजर मानेकडे टाकावी. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात. तिथे ते रुंद आणि ठळक असतात, कुशीवर उतरताना त्यांना फाटे फुटतात आणि शेपटीकडे जाताजाता ते विरून जातात. मण्यारचं नेमकं उलट. मान आणि पुढचा थोडा भाग कोराच. मग बारीक, बहुधा जोडीजोडीने येणारे पट्टे लागतात आणि शेपटीकडे ते अधिक स्पष्ट होतात. कवड्याचा रंग तपकिरी, डोकं चपटं. मण्यार काळा, निळसर झाक असलेला. बॅटरीच्या उजेडात तुकतुकीत दिसतो. त्याच्या पाठीच्या कण्यावरून मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग जाते. ही सर्वांत भरवशाची खूण, पण ती डोळ्यांनी दिसेल इतक्या जवळ कोणीही जाऊ नये. दोन मीटरवरून मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून पाहावा.

आता पंचाईत. मण्यारच्या पिल्लाचे पट्टे कधीकधी पार मानेपर्यंत येतात आणि लांबीलाही ते कवड्याएवढंच असतं. काही मोठ्या मण्यारांचे पट्टे पुसट झालेले असतात. भिंतीवर चढलेला दिसला म्हणजे कवड्याच, असं सांगणारे भेटतात. कवड्या पटाईत चढणारा खरा, पण एवढ्यावर पैज लावू नये. स्वभावावरून तर मुळीच ठरवू नये. पकडायला गेलं की कवड्या कडकडून चावतो. मण्यार दिवसा वेटोळं करून त्यात डोकं खुपसून पडून राहतो आणि लोक म्हणतात, "गरीब आहे बिचारा." रात्री हाच साप जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, तेव्हा मुंगी चावल्याइतकंही दुखत नाही. काही तासांनी पोट दुखू लागतं, पापण्या जड होतात, गिळता येईनासं होतं, पुढे श्वासाचे स्नायू थकतात. तेव्हा ओळख पटेना, तर मण्यार समजूनच वागावं.

चावल्यावर साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नसते. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच असतं, आणि डॉक्टर उपचार ठरवतात ते मुख्यतः लक्षणं पाहून. साप नुसताच अंगणात दिसला असेल, तर मुलं आणि कुत्रं घरात घ्यावं, लांबून त्याच्यावर नजर ठेवावी आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

पुढच्या आठवड्यात फुरसे आणि मांजऱ्या.