पडद्यावरचे पतंग मोजताना

मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या की संध्याकाळी दिव्याखाली बसण्याची सोय राहत नाही. पंख फुटलेली वाळवी, हुमणीचे भुंगेरे, तुडतुडे आणि तऱ्हेतऱ्हेचे पतंग ताटात पडू लागतात. आपण दिवा मालवून मोकळे होतो.

‘पूर्वी दिव्यावर किती किडे यायचे, आता तेवढे येत नाहीत,’ असं शिक्षकांच्या शिबिरात हमखास कोणीतरी म्हणतं. खरं असेलही. पण किडे कमी झाले, की दिवे बदलले? पाऱ्याच्या वाफेच्या जुन्या दिव्यांतून अतिनील किरण बाहेर पडत. ते आपल्याला दिसत नाहीत, कीटकांना दिसतात. नेहमीच्या पांढऱ्या एलईडी दिव्यात ते जवळजवळ नसतातच. गावातले दिवे बदलण्याआधी कोणी मोजून ठेवलं असतं, तर या प्रश्नाचं उत्तर देता आलं असतं.

मुळात कीटक दिव्याकडे येतात तरी का? पतंग चंद्राशी ठरावीक कोन राखून उडतो आणि दिव्याला चंद्र समजून फसतो, असं स्पष्टीकरण अनेक पुस्तकांत असे. 2024 साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने वेगळंच दाखवलं. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रणात बहुतेक कीटक दिव्याकडे तोंड करून जात नव्हते, तर दिव्याकडे पाठ करत होते. रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं. उजेडाकडे पाठ ठेवली की आपण सुलटे आहोत, हे उडत्या कीटकाला कळतं. दिवा बाजूला असेल तर हा कीटक तिकडे पाठ कलती करतो आणि गोल फिरत राहतो. दिव्याच्या वर गेला तर उलटा होऊन खाली आपटतो. म्हणजे तो दिव्यावर भाळत नाही, दिव्यापाशी अडकतो.

या अभ्यासात एक अपवाद मोठा मजेदार आहे. कण्हेरीची आणि तगरीची पानं खाणाऱ्या जाड हिरव्या अळीचा जो पतंग होतो, तो दिव्यावरून सरळ उडून जाऊ शकत होता. आपल्या परसातला पतंग हा! मग तो चादरीवर क्वचितच दिसला, तर परिसरात तो दुर्मीळ आहे असं म्हणता येईल का? नाही. चादरीवरचा आकडा हा रात्रीत उडणाऱ्या पतंगांचा आकडा नसतो. त्यात दिव्याचा प्रकार, वारा, पाऊस आणि चंद्रही मिसळलेला असतो. लख्ख चांदण्यात दिव्यावर पतंग कमी येतात.

मग मोजायचं कशाला? तुलनेसाठी. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्राने 1960 च्या दशकापासून देशभर एकाच बनावटीचे प्रकाश सापळे चालवले आहेत. त्यांत 200 वॅटचा साधा तारेचा दिवा असतो. बरेचसे सापळे स्वयंसेवकांनी सांभाळले. 1968 ते 2017 या काळात ब्रिटनमधल्या मोठ्या पतंगांची एकूण संख्या सुमारे एक तृतीयांशाने घटली, हे कळलं ते अशा नोंदींमुळेच.

भारतात पतंगांच्या दहा हजारांहून जास्त जाती आहेत आणि फुलपाखरांच्या सुमारे तेराशे. तरी मुलांना विचारा, फुलपाखरांची चार नावं येतील, पतंगाचं एकही नाही. शेतकऱ्याची मुलं बोंडअळी, लष्करी अळी पटकन सांगतात, पण तिचा पतंग दाखवला तर ओळखणारे थोडेच. नाव माहीत नाही म्हणून अडू नये. आलेखाच्या कागदाशेजारी फोटो घ्यावा, ‘प 1’, ‘प 2’ असे क्रमांक द्यावेत. फोटो ‘आयनॅचरलिस्ट’वर टाकला तर जाणकार नाव सुचवतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंग सप्ताह असतो (2012 साली अमेरिकेत सुरू झाला), तेव्हा आपल्याकडेही बरेच लोक असे फोटो टाकतात. मात्र फोटोंवरून ‘हा पतंग इथे होता’ एवढंच कळतं. किती होते आणि कधी नव्हते, ते वहीतूनच कळणार.

एखादं जुनं धोतर दोरीवर टांगावं, समोर दिवा लावावा. दिवा कोणताही चालेल, पण वर्षभर तोच हवा. बदलावाच लागला तर तारखेसह लिहून ठेवावं. जागा तीच, वेळही तीच, समजा साडेसात ते नऊ. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला बसलं तर चंद्राचा परिणाम मुलांना स्वतःलाच सापडेल. दर अर्ध्या तासाने मोजावं, ढग, वारा, पाऊस लिहावा. अंगावर बसलेला किडा चिरडू नये, फुंकून उडवावा. काही भुंगेऱ्यांच्या अंगातल्या रसाने फोड येतात. काम संपलं की दिवा बंद करावा आणि चादर हलक्या हाताने झटकावी, नाहीतर सकाळी बुलबुल आणि चिमण्या तिथे आयत्या न्याहारीला येतात.

एखाद्या रात्री काहीच येणार नाही. मुलं हिरमुसतील, वही मिटू पाहतील. त्या रात्रीही तारीख, वेळ, हवामान सगळं लिहायचं आणि संख्येच्या रकान्यात रेघ न ओढता शून्य लिहायचं. रेघ असली तर त्या रात्री कोणी बसलंच नव्हतं, असा अर्थ होतो.